टाळून खावे की मोजून?

सकाळचे साडेसात वाजले आहेत. बेंगळुरूच्या महादेवपुरा भागातील एका उंच इमारतीत, नवव्या मजल्यावरच्या मराठी घरात, ओट्यावर तव्याशेजारी एक लहान वजनकाटा ठेवलेला आहे. घरधन्याने दोन महिन्यांपासून पोळी, भात आणि बटाटा सोडला आहे. त्याच्यासाठी अंडी, पनीर आणि पालेभाजी वेगळी होते. घरधनिणीचा अशा वर्ज्यावर विश्वास नाही. ती सारे काही खाते. मात्र प्रत्येक पदार्थ काट्यावर ठेवून त्याचे उष्मांक मोबाइलमध्ये नोंदवते. मुलांना आणि आजीला नेहमीचा वरणभात लागतो. स्वयंपाकाला येणारी बाई, जिला घरात सारे ‘अक्का’ म्हणतात, तासाभरात तीन तऱ्हांचा स्वयंपाक उरकून पुढच्या घरी जाते.

अशी घरे आज विरळ राहिलेली नाहीत. महादेवपुरा हा पूर्वी तळ्यांचा आणि नाचणीच्या शेतांचा प्रदेश होता. शेजारी व्हाइटफील्डला माहिती तंत्रज्ञानाचे मोठे संकुल उभे राहिले, २००७ मध्ये महादेवपुरा बेंगळुरूच्या महानगरपालिकेत सामावला गेला आणि २०२३ मध्ये तेथे मेट्रोही पोहोचली. पुणे, सोलापूर, कोल्हापूर, नागपूर येथून नोकरीसाठी आलेली माणसे येथे दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसून काम करतात. त्यांच्या घरी राबणारी माणसे बहुधा बिदर, कलबुर्गी, रायचूर या जिल्ह्यांतून आलेली असतात. भालकी-औरादकडची बाई असेल तर ती मराठीही सहज बोलते. एकाच इमारतीत दोन प्रकारची भूक नांदते, आणि आहाराविषयीचा वाद मात्र फक्त वरच्या मजल्यांवर रंगतो. प्रश्न विचारला जातो तो असा : वजन आणि साखर ताब्यात ठेवायची तर कर्बोदके, म्हणजे पिष्टमय व गोड पदार्थ, टाळावेत की उष्मांक मोजावेत?

दोन्ही मार्ग नवे नाहीत. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या विल्यम बँटिंग नावाच्या व्यावसायिकाने १८६३ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडल्यावर आपले स्थूल शरीर कसे हलके झाले, हे त्याने तीत सांगितले. पुस्तिका इतकी गाजली की त्याचे आडनाव हेच वजन उतरवण्याचे नाव होऊन बसले. उष्मांकांचे शास्त्र त्यानंतरचे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांती दाखवले, की एक ग्रॅम कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून सुमारे ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९ उष्मांक मिळतात. हे आकडे आजही वापरात आहेत. १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टर महिलेने आपल्या पुस्तकातून सामान्य वाचकांना पावाचा तुकडा न म्हणता ‘शंभर उष्मांकांचा पाव’ असे म्हणायला शिकवले. नवव्या मजल्यावरची घरधनीण नकळत त्याच शाळेची विद्यार्थिनी आहे.

दोन मार्गांची कसोटी शास्त्रज्ञांनी पुष्कळदा लावून पाहिली. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ८११ स्थूल स्त्री-पुरुषांना चार निरनिराळ्या आहारांवर दोन वर्षे ठेवले होते. कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांची प्रमाणे वेगवेगळी, पण वजनातील घट चारही गटांत जवळपास सारखी निघाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१८ मधील अभ्यास अधिक बोलका आहे. त्यात ६०९ जण होते. निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, निम्म्यांनी कर्बोदके. उष्मांक मोजण्यास कोणालाच सांगितले नव्हते. साखर व मैदा कमी करा आणि भाज्या वाढवा, एवढे मात्र सर्वांना सांगितले होते. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि दुसऱ्याचे ६ किलोंनी उतरले. हा फरक शास्त्राच्या दृष्टीने गणनीय नव्हता. खरा फरक होता तो एकेका गटाच्या आत. त्याच आहारावर कोणाचे तीसेक किलो वजन उतरले, तर कोणाचे दहाएक किलोंनी वाढले. तेव्हा कोणता मार्ग श्रेष्ठ, हा प्रश्न जितका महत्त्वाचा मानला जातो तितका तो नाही. कोणाला कोणता मार्ग वर्षानुवर्षे चालता येईल, याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

आता मोजण्याचा मार्ग मराठी स्वयंपाकघरात कसा चालतो ते पाहावे. पाकिटातील बिस्किटांवर उष्मांक छापलेले असतात. भाकरीवर ते नसतात. भाकरी हातावर थापली जाते, आणि एकाच हाताची भाकरीही रोज सारख्या वजनाची उतरत नाही. साठ ग्रॅम ज्वारीचे पीठ घेतले तर सुमारे दोनशे उष्मांक, नव्वद ग्रॅम घेतले तर तीनशे. आमटी पातळ की दाट यावर तिचा आकडा बदलतो. भाजीतले दाण्याचे कूट चिमूटभर की मूठभर, हे घालणाऱ्याच्या हातालाच ठाऊक. सर्वांत फसवे म्हणजे तेल. फोडणीत एक मोठा चमचा तेल अधिक पडले तर सव्वाशे उष्मांक वाढतात, आणि ताटात ते दिसतही नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांची सविस्तर कोष्टके प्रसिद्ध केली आहेत व ती मोलाची आहेत; पण कोष्टक कच्च्या धान्याचे असते आणि खाणारा शिजलेले खातो. म्हणून जो आकडा मोबाइलमध्ये जातो तो बहुधा अंदाजच असतो. शिवाय हे मोजण्याचे काम शेवटी कोणाच्या माथी येते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. पतीचा व मुलांचा हिशोब ठेवणारी गृहिणी, किंवा “माझी भाकरी पन्नास ग्रॅमचीच करा, अक्का,” हे रोज ऐकणारी स्वयंपाकीण. दुसऱ्याच्या शिस्तीचे ओझे तिच्या मनगटावर पडते.

तरीही मोजणे निरुपयोगी आहे, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पंधरा दिवस नेटाने मोजणाऱ्या माणसाला काही गोष्टी कायमच्या कळतात. दुपारच्या दोन कप गोड चहांबरोबरचे फरसाण जेवणाइतके जड असू शकते, हे त्याला प्रथमच दिसते. शेंगदाणे ‘पौष्टिक’ असले तरी शंभर ग्रॅमला पाचशेहून अधिक उष्मांक देतात, हेही. नंतर काटा कपाटात ठेवला तरी डोळा शिकलेला राहतो.

टाळण्याच्या मार्गाला आपले मोह आहेत. पहिल्या आठवड्यातच वजन दोन-तीन किलोंनी उतरते आणि माणूस हरखून जातो. वास्तविक शरीराने साठवलेली साखर खर्च होताना तिच्याबरोबर बांधलेले पाणी बाहेर पडते. एक ग्रॅम साठ्यामागे सुमारे तीन ग्रॅम पाणी. चरबी मात्र आपल्या संथ गतीनेच जाते. पुढे गणपती येतात, मोदक येतात, गावाकडचे लग्न येते. वर्ज्य मोडते आणि त्यापाठोपाठ सारा नेमच मोडतो. अर्धा मोदक खाल्ला म्हणून उरलेला दिवस वाया गेला असे मानणारा माणूस संध्याकाळी सहा मोदक खातो. या दोषाला आहारशास्त्रापेक्षा आपला सोवळ्या-ओवळ्याचा जुना स्वभाव अधिक कारणीभूत असावा.

आणि तरी भारतापुरते पाहिले, तर टाळणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवले, की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते, आणि हे जन्मापासूनच आढळते. २००४ मध्ये याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात शेजारीशेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२ टक्के. दुसरे अर्थातच पुण्याचे. केवळ वजनकाट्याकडे पाहणाऱ्या माणसाची यामुळे फसगत होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. गोव्यात तर प्रौढांपैकी २६.४ टक्के लोकांना तो आढळला. त्याच पाहणीतील आहारविषयक भाग २०२५ मध्ये आला. भारतीय माणसाच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के, असे तो सांगतो.

याच अहवालातील आणखी एक निष्कर्ष महादेवपुऱ्याने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. या परिसरात नाचणीचे महत्त्व मोठे. रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा, हे तेथील कष्टकऱ्यांचे जुने अन्न. आता ते उपाहारगृहांतून ‘आरोग्यदायी’ म्हणून मोठ्या किमतीला मिळते. नाचणीत चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, प्रमाण शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते; तांदूळ याबाबतीत तिच्यापुढे काहीच नाही. तंतूही भरपूर. पण शंभर ग्रॅम नाचणीत सहासष्ट-सदुसष्ट ग्रॅम कर्बोदके असतातच. अहवाल सांगतो, की पांढऱ्या भाताऐवजी भरड धान्य किंवा गव्हाचे पीठ घेतले, पण एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. याउलट एकूण उष्मांकांपैकी पाच टक्के जरी कर्बोदकांऐवजी डाळी-कडधान्ये किंवा दुधाचे पदार्थ यांच्या प्रथिनांतून आले, तर धोका कमी आढळतो. धान्य बदलण्यापेक्षा धान्याचा वाटा घटवणे अधिक कामाचे. ज्वारीच्या चार भाकऱ्या खाऊन ‘आम्ही पोळी सोडली’ म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

महाराष्ट्रात हा वाद वेगळ्या नावांनी गाजला. नागपूरचे बहुश्रुत राजकारणी व डॉक्टर श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी, दर वेळी खाल्ले की शरीरात इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी कराव्यात, असा विचार मांडला होता. त्यांच्यामागे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो व्याख्यानांतून गावोगावी नेला : कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवावे आणि रोज चालावे. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडे थोडे, पण ठरावीक अंतराने खाण्याचा, आणि भात, तूप, हंगामी फळे असे आपल्या मातीतले अन्न न सोडण्याचा आग्रह धरीत आल्या. २०१८-१९ च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ हा प्रश्न मराठी घरांत क्रिकेटच्या सामन्याइतक्या हिरिरीने चघळला गेला.

या दोघांच्या मतभेदांवर पुष्कळ लिहिले गेले. साम्याकडे मात्र कमी लक्ष गेले. दोघांपैकी कोणीही उष्मांक मोजण्यास सांगत नाही. दोघांच्याही मार्गाला वजनकाटा, परदेशी भुकटी किंवा वेगळा स्वयंपाक लागत नाही. नियम तोंडपाठ होतो, आणि घरातल्या त्याच भांड्यातून वाढून घेता येते. लाखो लोकांनी हे मार्ग धरून पाहिले त्याचे कारण येथे सापडते. त्यांच्या शास्त्रीय बाजूविषयी मतभेद राहतील. दोन जेवणांचा नियम बारा तास उभे राहून पहारा करणाऱ्या माणसाला झेपेलच असे नाही. आणि ‘आजीच्या हातचे सारे चांगले’ म्हणताना आजी शेतात राबत होती व नात दिवसभर संगणकापुढे बसते, हे विसरून चालत नाही. पण टिकणारा नियम कसा असावा, हे दोन्ही उदाहरणांतून शिकण्यासारखे आहे.

नवव्या मजल्यावरील घराला मग काय सांगावे? राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार धान्यांतून एकूण उष्मांकांच्या ४५ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत. दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाला सुमारे अडीचशे ग्रॅम धान्य, पंच्याऐंशी ग्रॅम डाळी, कडधान्ये किंवा अंडी-मासे, चारशे ग्रॅम भाज्या, शंभर ग्रॅम फळे, तीनशे मिलिलिटर दूध आणि तेलबिया धरूनही बेताचेच तेल, असे तिचे ताट आहे. हे ताट तीन वेगळ्या चुलींचे नाही. ते एकाच स्वयंपाकातून निघते. वरण पातळ न करता दाट करावे, उसळ रोज असावी, भाजी दुप्पट वाढावी आणि पोळ्या किंवा भात यांपैकी एका वेळी एकच घ्यावे. घरधन्याला अर्धी भाकरी परत मिळते, घरधनिणीला काटा पंधरा दिवसांपुरताच लागतो, आजीच्या भाताची वाटी लहान होते. घट संथ असेल. महिन्याला एक-दीड किलो उतरले तरी ते पाण्याचे नसेल. कार्यालयाबाहेरच्या ‘दर्शिनी’त, म्हणजे उभ्याने खाण्याच्या उपाहारगृहात, दोन इडल्यांबरोबर सांबाराची दुसरी वाटी मागून घेण्यास कोणाची ना नसते.

एका बाबतीत मात्र कोणाच्या व्याख्यानावर किंवा छापील मजकुरावर विसंबू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवणाची वेळ वा कर्बोदके एकाएकी कमी केल्याने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. औषधाची मात्रा आणि आहार हे दोन्ही एकाच वेळी, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदलावे लागतात. गरोदर स्त्रिया व मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण यांनाही हेच लागू आहे.

राहता राहिली अक्का. सकाळपासून चार घरांत चार पथ्ये सांभाळून ती दुपारी आपल्या पत्र्याच्या खोलीत परतते तेव्हा तिच्या ताटात काय असते? राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. दिवसाला ते सुमारे १६५ ग्रॅम होते, म्हणजे तांदळाच्या रूपात पावणेसहाशेच्या आसपास उष्मांक. कर्नाटकाने ‘अन्नभाग्य’ योजनेत आणखी पाच किलोंचे वचन दिले. २०२३ मध्ये तांदळाऐवजी रोख रक्कम दिली आणि २०२५ मध्ये तांदूळ देण्यास सुरुवात केली. दहा किलो मिळाले तर साडेअकराशेच्या आसपास उष्मांक फुकट, आणि ते जवळजवळ सारे पिष्टाचे. ‘कर्बोदके कमी करा’ या सल्ल्याचा तिच्या दृष्टीने अर्थ असा, की जे विनामूल्य मिळते ते बाजूला ठेवा आणि जे विकत घ्यावे लागते ते खा. मधुमेह मात्र तिला नवव्या मजल्याइतकाच गाठू शकतो. तपासणी झालेली नसते एवढेच. तिला संयमाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिच्या घरी साखर कमी करता येईल, चहाच्या फेऱ्या घटवता येतील, पण भाताची जागा घ्यायला डाळ आधी घरात यावी लागते. संस्थेच्या ताटाप्रमाणे चौघांच्या घराला महिन्याला दहा किलो डाळी-कडधान्ये हवीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने या अतिरिक्त पाच किलो तांदळाऐवजी डाळ, तेल, साखर आणि मीठ असलेला संच देण्याचे ठरवले. त्यात साखर कशासाठी, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पण तांदळाच्या जागी डाळ, ही दिशा योग्य आहे, आणि महाराष्ट्रानेही तिची दखल घ्यावी. संचातली एक-दोन किलो डाळ दहा किलोंच्या गरजेला पुरणार नाही, हे उघड आहे. तूर्त अक्का संध्याकाळी कामावरून परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो तूरडाळ घेते आणि ती चौघांत तीन दिवस पुरवते. वरण पातळ होते, भात वाढतो.